घाटातलं वळण रुंद करताना या चुका टाळा

वळणावर रस्ता जास्त रुंद का करायचा, असं साइटवर विचारलं की "गाड्यांना जागा मिळावी म्हणून" एवढंच उत्तर येतं. उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे, आणि पुढचे बरेच घोटाळे या अर्धवटपणातूनच होतात. बस वळते तेव्हा तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागावरून जात नाही. घाटातल्या वेगाला ते आतून कापत जातं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जितकी लांब आणि वळणाची त्रिज्या जितकी छोटी, तितकं जास्त आत. आपण रुंदी देतो ती मुख्यतः त्या मागच्या चाकासाठी. हे डोक्यात पक्कं असेल तर खालच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

आतली बाजू म्हणजे डोंगराची बाजू, हा गैरसमज

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता चिडही येत नाही. आयआरसी, म्हणजे रस्त्यांचे मानक ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस, सांगते की संक्रमण वक्र (सरळ रस्त्याला गोल वळणाशी जोडणारा, हळूहळू वाकत जाणारा भाग) असेल तर जादा रुंदी दोन्ही बाजूंना सारखी वाटा, पण डोंगरी रस्त्यावर शक्यतो सगळी आतल्या बाजूला द्या. नवशिका "आतल्या बाजूला" वाचतो आणि पोकलेन डोंगराकडे वळवतो.

घाटात वळणं दोन जातींची. डोंगराची सोंड पुढे आलेली असते, तिला रस्ता वळसा घालतो. तिथे आतली बाजू डोंगराकडे येते, म्हणजे कटिंग. दुसरं ओढ्यातलं वळण. रस्ता घळीत शिरतो, मोरीवरून ओढा ओलांडतो आणि समोरच्या अंगाने बाहेर पडतो. इथे वक्राचं केंद्र दरीच्या बाजूला असतं, म्हणून आतली बाजू दरीकडची. तिथे रुंदी द्यायची तर भराव, रिटेनिंग वॉल आणि मोरीची लांबी वाढवणं आलं. खर्चाचं काम आहे, म्हणूनच कुणाला ते नको असतं.

सह्याद्रीतल्या एका घाटात अशाच ओढ्यातल्या वळणावर ठेकेदाराच्या नव्या इंजिनिअरने डोंगर दीड मीटर कापून घेतला. ड्रॉइंगवर बाजू बरोबर लिहिलेली होती. पण पोकलेन समोर उभं होतं, मुरूम मऊ होता, आणि दरीकडे भिंत घालायला महिना गेला असता. बिल निघालं, मोजमाप पुस्तिकेत रुंदी भरली.

पावसाळ्यात सगळं बाहेर आलं. एसटीची मागची चाकं पूर्वीसारखीच दरीकडच्या साईडपट्टीवर उतरत होती. तिथला मुरूम वाहून गेला आणि डांबराची कड तुटली. मोरीच्या कठड्याचे टोकाचे दगड घासून घासून निखळले. वर कापलेल्या उताराची माती घसरून मोरीच्या तोंडाशी बसली, ओढा तुंबला आणि पाणी रस्त्यावरून वाहायला लागलं.

आणि ती नवी दीड मीटर पट्टी? तिच्यावर चाक जातच नव्हतं. रस्त्याचा सुपर, म्हणजे वळणावर दिलेला आडवा उतार, दरीकडे उतरता होता आणि नवी पट्टी डोंगराच्या गटाराकडे उतरती केलेली. मध्ये सरळ सरळ उंचवटा. कोणता ड्रायव्हर भरलेली गाडी त्यावर घालेल? तिचा उपयोग एकच झाला: वरच्या धबधब्याचे फोटो काढायला लोक तिथे गाड्या लावायला लागले, आणि पाठोपाठ भाजलेल्या कणसांची गाडी आली. पुढच्या हंगामात दरीकडे भिंत बांधावी लागली, मोरीही वाढवावी लागली. जो खर्च टाळायचा होता तो झालाच, कटिंगचा खर्च वर.

बाहेरच्या बाजूला रुंदी देताच येत नाही असं माझं म्हणणं नाही. दरीकडे खरंच जागा नसेल तर द्या. पण मग सेंटरलाइन सरकवा, सुपर पूर्ण रुंदीत पुन्हा बांधा आणि पट्टे नव्याने मारा. नुसता डोंगर खरवडून "वायडनिंग झालं" म्हणू नका.

माझी सवय अशी की कागद उघडण्याआधी वळणावर उभं राहायचं. रस्त्यावर बादलीभर पाणी ओतायचं आणि एसटी येऊ द्यायची. ओल्या टायरच्या खुणा पुढची चाकं कुठून गेली, मागची कुठून गेली हे दाखवतात. त्या खुणांवर फक्की टाकून मगच ड्रॉइंग काढायचं. तरुण मंडळी हसतात. हसू द्या.

मोरी सरळ रस्त्याच्या मापाची

वरच्याच दुखण्याचा हा सख्खा भाऊ. घाटातल्या मोऱ्या नेमक्या ओढ्यातल्या वळणावर येतात, आणि त्यांची लांबी मात्र टिपिकल ड्रॉइंगवरून सरळ रस्त्याची घेतली जाते. डांबर रुंद होतं, कठडे तिथेच राहतात. मोरीचं कॉंक्रीट पडायच्या आधी त्या चेनेजला (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतराला) वळण आहे का ते बघा.

ड्रॉइंगवरची त्रिज्या खरी मानणं

जुन्या घाटरस्त्याची त्रिज्या कागदावर ६० मीटर आणि जागेवर ४२ निघणं यात नवल काही नाही. आतल्या कडेवर, वळणाच्या मध्यभागी, २० मीटरची टेप ताणून जीवा धरा. जीवेच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजा. जीवेच्या वर्गाला त्या अंतराच्या आठपटीने भागलं की त्रिज्या. अंतर १ मीटर आलं तर ५० मीटर, सव्वा मीटर आलं तर ४०. रस्ता ७ मीटरचा असेल तर सेंटरलाइनसाठी त्यात साडेतीन मिळवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) येईपर्यंत थांबणारे लोकही मी पाहिलेत, आणि ते आल्यावरही न मोजणारे.

कोष्टक पाठ, सूत्र विसरलेलं

जादा रुंदीचं आयआरसीचं कोष्टक दोन लेनच्या रस्त्याला असं: ४० मीटरपर्यंतच्या त्रिज्येला दीड मीटर, ४१ ते ६० ला १.२, ६१ ते १०० ला ०.९, १०१ ते ३०० ला ०.६, त्यापुढे काही नाही. एका लेनच्या रस्त्याला २० पर्यंत ०.९, २१ ते ६० ला ०.६. घाईत एका लेनचा रकाना वाचून दोन लेनला रुंदी देणारेही आहेत. त्यांच्याविषयी काय लिहायचं!

सूत्राचे भाग दोन. पहिला मागच्या चाकाचा: लेनची संख्या गुणिले व्हीलबेसचा वर्ग, भागिले त्रिज्येची दुप्पट. दुसरा ड्रायव्हरच्या मनाचा, कारण समोरून गाडी आली की माणूस अंग चोरतो: वेग भागिले त्रिज्येच्या वर्गमुळाची साडेनऊपट. एका लेनला हा दुसरा भाग लागत नाही. त्रिज्या ३० मीटर, वेग ताशी ३० किलोमीटर, व्हीलबेस ६.१ मीटर घ्या. पहिला भाग १.२४, दुसरा ०.५८, बेरीज १.८२. कोष्टक म्हणतं १.५. म्हणून मी कोष्टकाला किमान मानतो. व्हीलबेस ८ मीटरची धरली तर तोच पहिला भाग २.१३ होतो. तुमच्या घाटातून काय जातं ते नाक्यावर उभं राहून बघा.

वळण सुरू झाल्यावर रुंदी सुरू करणं

संक्रमण वक्र असेल तर त्याच्या लांबीत रुंदी एकसारखी वाढवत न्या आणि गोल भागात पूर्ण ठेवा. संक्रमण नसेल तर दोन तृतीयांश सरळ भागातच मिळायला हवी, उरलेली वळणावर. म्हणजे १.२ मीटरपैकी ०.८ वळणाच्या तोंडाशी तयार पाहिजे, आणि अशा वळणावर सगळी आतल्या बाजूला. ऑफसेट, म्हणजे सेंटरलाइनपासून कडेचं अंतर, सेंटरलाइनला काटकोनात मोजा. मग खुंट्यांना दोरी लावून लांबून डोळ्याने कड बघा. कोपरा दिसला तर खुंटी हलवा, आकडा हलला तरी चालेल.

उरलेल्या

साईडपट्टीवर डांबर टाकून रुंदी दाखवू नका. कॅरेजवे (गाड्या धावतात तो डांबरी भाग) जितका वाढला तितका रस्त्याचा एकूण बांधही वाढला पाहिजे.

०.६ मीटरच्या चरात रोलर जात नाही, मग हाताने धुम्मस होतं आणि पट्टी पहिल्या पावसात बसते. मी चर रोलरच्या ड्रमाएवढा खणायला लावतो, जुन्या थरांना पायऱ्या पाडून. ठेकेदार कुरकुरतो. खालचे सगळे थर पूर्ण जाडीचेच.

७ टक्के सुपर असताना आत १.२ मीटर वाढवलं की आतली कड ८४ मिलिमीटर आणखी खाली जाते. सोंडेच्या वळणावर गटाराचा तळ त्याआधी खाली नेला नाही, तर पाणी रस्त्यावर थांबणारच.

हेअरपिनला, म्हणजे जवळपास उलट फिरणाऱ्या वळणाला, हे कोष्टक लावत बसू नका. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गावर दोन लेनला तिथे वळणाच्या माथ्यावर साईडपट्ट्यांसकट ११.५ मीटर रोडवे लागतो आणि आतली त्रिज्या किमान १४ मीटर.

रुंदीने नजर वाढत नाही. आतल्या बाजूची झुडपं आणि कटिंगचा पुढे आलेला दगड वेगळा काढावा लागतो.

मधला पट्टा सगळ्यात शेवटी, नव्या रुंदीचा मध्य मोजून. जुन्या पट्ट्याच्या पुसट रेषेवरच पुन्हा रंग मारला तर वाढवलेली सगळी जागा एकाच लेनला जाते.