मुलांना चष्मेवाल्याची ओळख कशी करून द्यावी

मुलांना पक्ष्यांची गोडी लावायची तर सुरुवात मोर किंवा खंड्या अशा भडक रंगांच्या पक्ष्यांपासून करावी, असे अनेक पालकांना वाटते. माझ्या मते चष्मेवाला हा इवलासा पक्षी त्यांच्याहून सरस आहे, कारण तो एकटा क्वचितच दिसतो आणि ‘तो आता काय करतोय?’ या मुलाच्या प्रश्नाला थव्यातला कोणता ना कोणता पक्षी आपल्या हालचालींतून उत्तर देत असतो. महाबळेश्वर-माथेरानच्या झाडीत तो भरपूर आहे, आणि जुनी झाडे टिकून असलेल्या शहरी बागांतही आढळतो.

चिमणीपेक्षाही लहान, जेमतेम ८ ते १० सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी वरून हिरवट पिवळा असल्यामुळे पानांत सहज लपतो. म्हणून मुलाला आधी शोधायला नव्हे, तर ऐकायला सांगावे. चरताना थव्यातले पक्षी एकमेकांना सतत बारीक, किंचित नाकातल्या आवाजात साद घालत राहतात. तो आवाज ओळखू येऊ लागला की मूल आपोआप योग्य फांदीकडे पाहू लागते. मग डोळ्याभोवतीचे पांढरे कडे आणि पिवळा गळा या दोनच खुणा दाखवाव्यात. नर आणि मादी दिसायला सारखेच असल्यामुळे त्या भेदात मुलाला गुंतवू नये.

हिवाळ्याच्या अखेरीस पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण होऊन फुलतात, तेव्हा सकाळच्या उन्हात अशा झाडापासून थोड्या अंतरावर, सूर्य पाठीशी घेऊन बसावे. थवा फार चपळ असतो आणि लहान मुलाच्या हातात दुर्बीण स्थिर राहत नाही, त्यामुळे पहिल्या काही भेटींत नुसत्या डोळ्यांनीच पाहू द्यावे. मुलाला पाहण्यासाठी नेमके काम द्यावे: पक्षी फुलात चोच कशी घालतो, त्याच्या कपाळावर पराग लागले आहेत का, पानांखालचे किडे टिपताना तो उलटा लटकतो का. त्याच्या जिभेचे टोक कुंचल्यासारखे असते आणि त्यानेच तो मध टिपतो, हे फूल समोर असतानाच सांगावे. दोन पक्षी फांदीवर अंगाला अंग लावून बसून एकमेकांची पिसे साफ करताना दिसले, तर इतर सारे बाजूला ठेवून तेच पाहत राहावे. थवा म्हणजे काय, हे समजावण्यासाठी त्याहून चांगला प्रसंग मिळत नाही.

विणीच्या काळात थवे विस्कटतात आणि जोडपी फांदीच्या बेचक्यात कोळिष्टके व तंतू वापरून झोळीसारखे घरटे बांधतात. ते सापडले तरी जवळ जाऊ नये, आडवी येणारी पाने दूर सारू नयेत आणि पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज मुळीच वाजवू नये. घरट्याजवळच्या आपल्या वर्दळीमुळे कावळ्यांचे लक्ष तिकडे जाते.

‘आपण एक घरी पाळू या का?’ असे मूल विचारतेच. त्याला न रागावता सांगावे की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे आणि पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे, शिवाय ज्याचा दिवस सोबत्यांना साद घालण्यात जातो, त्याला एकटे कोंडणे क्रूरपणाचे आहे. त्याऐवजी बाल्कनीत किंवा अंगणात दोन-तीन सेंटिमीटर खोलीचे उथळ पाण्याचे भांडे ठेवावे आणि ते रोज घासून पाणी बदलण्याची जबाबदारी मुलाकडे सोपवावी.

मूल पक्षी खात्रीने ओळखू लागले की त्याला वही द्यावी. तीत तारीख, वेळ, झाड आणि थव्यातली अंदाजे संख्या लिहून घ्यावी. फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जगभरच्या पक्षीगणनेत किमान १५ मिनिटांची नोंद पुरते, आणि त्याच सुमारास पांगाराही फुललेला असतो.