समुद्र डाव्या हाताला ठेवा: श्रीलंकेचा दक्षिण किनारा सायकलवरून

श्रीलंकेला सायकल घेऊन जायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास सायकलीबद्दलच येतो: कुठली घेऊ, किती गिअरची घेऊ? बडोद्यात सकाळी कमाटीबागेपाशी आम्ही जमतो तिथेही हीच चर्चा. माझं म्हणणं, त्याआधी दिशा ठरवा. श्रीलंकेत आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते. त्यामुळे बेटाभोवती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे निघालात, म्हणजे दक्षिण किनाऱ्यावर पूर्वेकडून पश्चिमेला, तर समुद्र सगळा वेळ डाव्या हाताला, तुमच्याच बाजूला राहतो.

विमानतळ कोलंबोजवळ आहे म्हणून बहुतेक जण तिथूनच पेडल मारायला लागतात आणि दक्षिणेला गॉलकडे उतरतात. मग समुद्र पलीकडच्या बाजूला जातो. शहाळं प्यायचं, पुळणीवर उतरायचं किंवा नुसतं थांबून बघायचं तरी दर वेळी बसगाड्यांमधून रस्ता ओलांडायचा. उलट दिशेनं आलात तर ते ओलांडणं उरत नाही. शिवाय गल्लीबोळांतून रस्त्यावर येणारी वाहनं बहुतेक जमिनीच्या बाजूनं येतात. तुमच्या डावीकडून अचानक रिक्षा बाहेर पडण्याचे प्रसंग कमी होतात. हिवाळ्यात तिथे वारा ईशान्येकडून असतो, तोही पाठीवर घेता येतो. आणि सकाळी सूर्य मागे राहतो. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: समोरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर तेव्हा ऊन असतं. तो ओव्हरटेक करायला बाहेर आला तर त्याला तुम्ही दिसायला हवेत. म्हणून पुढचा लुकलुकणारा दिवा दिवसाही चालू ठेवा आणि अंगात भडक रंगाचं काहीतरी घाला.

आता महिना. आपल्याकडे दिवाळी ते लाभपंचमी सगळं बंद, म्हणून अर्धं बडोदं तेव्हा फिरायला निघतं. श्रीलंकेसाठी ती सुटी वापरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे जवळजवळ सगळीकडे दुपारनंतर विजांसह पाऊस कोसळतो. दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याला डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंतचा काळ चांगला. मुलांच्या शाळांमुळे मे महिन्यातच जमत असेल तर दक्षिण सोडा आणि पूर्व किनारा धरा: त्रिंकोमालीहून बट्टिकलोआ, तिथून अरुगम बे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस डोंगरांच्या पलीकडेच अडतो, त्यामुळे तेव्हा पूर्वेकडे कोरडं असतं. हा तमिळ मुलूख आहे. इडली-डोशाची शाकाहारी हॉटेलं सहज सापडतात. तिथे समुद्र डावीकडे ठेवायचा तर उत्तरेकडून दक्षिणेला यावं लागतं आणि त्या दिवसांतला वारा समोरून किंवा आडवा लागतो. तरी मी दिशा बदलणार नाही, सकाळी लवकर निघून दहापर्यंत अंतर उरकेन.

सराव इथेच करा, सामान लादून. रिकाम्या सायकलवर पावागडला जाऊन आलात म्हणून भरलेल्या पिशव्यांसह सत्तर किलोमीटर जमतील असं समजू नका. बडोदा-डभोई-चांदोद हा रस्ता मला यासाठी फार आवडतो: सपाट, आणि शेवटी नर्मदा. पुढची पायरी दीव. बेट लहान आहे, दिवसाभरात आरामात होतं, आणि किनाऱ्यावरचं वारं, वाळू, खारी हवा यांची चुणूक मिळते. दीव गावातून जालंधर, चक्रतीर्थ, आयएनएस खुकरीचं स्मारक, नागवा असं वणाकबाऱ्यापर्यंत जा. याही वाटेवर समुद्र डावीकडेच येतो. नागव्याजवळ फांद्या फुटलेली होका ताडाची झाडं आहेत, ती बघायला थांबा.

एक गोष्ट मात्र दीवलाही नीट कळत नाही, ती म्हणजे दमटपणा. बडोद्यात मे महिन्यात त्रेचाळीस अंश सोसणाऱ्याला श्रीलंकेतले तीस-एकतीस अंश किरकोळ वाटतात. पण तिथे घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. साडेसहाच्या सुमाराला उजाडतं. तेव्हा निघा, साडेदहा-अकराला सावलीत बसा, साडेतीननंतर उरलेलं अंतर कापा आणि पाचपर्यंत मुक्कामी पोहोचा. नुसतं पाणी पीत राहू नका, मीठ-साखर पोटात गेली पाहिजे. रस्त्याकडेला केशरी रंगाची शहाळी टांगलेली दिसतील, त्यांना तिथे तंबिली म्हणतात. शहाळ्यासोबत खारे शेंगदाणे खाल्ले की माझं काम भागतं.

सायकलीबद्दल थोडकंच. रस्ता जवळजवळ सपाट आणि डांबरी आहे, साधी हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली, पुरते. टायर बत्तीस ते पस्तीस मिलिमीटरचे घ्या. जास्तीच्या ट्यूब बरोबर ठेवाच, कारण गावातल्या दुकानात तुमच्या मापाची मिळेलच असं नाही. आरसा उजव्या मुठीला बसवा. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याचा ओला फडका फिरवून चेन कोरडी पुसून तेल द्यायचं. खाऱ्या हवेत एका रात्रीतही चेनवर तांबूस पूड धरते. विमानासाठी आपल्या सायकलवाल्याकडून रिकामा पुठ्ठ्याचा खोका आणा. हँडल वळवा, सीट खाली करा, टायरमधली हवा कमी करा, पेडल काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेनं पाना फिरवाल तर ते आणखी घट्ट बसेल. बडोदा-मुंबई-कोलंबो असं एकच तिकीट काढा, म्हणजे मुंबईत खोका घेऊन टर्मिनल बदलायची वेळ येणार नाही.

कोलंबोत सायकलीवर बसूच नका. निगोंबो विमानतळापासून जवळ आहे, तिथे रात्र काढा, खोका त्याच होमस्टेत ठेवायची विनंती करा आणि सकाळी व्हॅन करून थेट तिस्सामहाराम गाठा. दक्षिणेचा एक्सप्रेसवे आता हंबनतोटापर्यंत गेला आहे. व्हॅनला चार-पाच तास लागतात. या एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, पण त्याचा फायदा आपल्यालाच: लांब पल्ल्याच्या बऱ्याच मोटारी तिकडे वळल्या आणि किनाऱ्याचा जुना ए-२ रस्ता थोडा मोकळा झाला.

तिस्साला तलावाकाठी एक दिवस राहा. तिथून जवळच कतरगामला कार्तिकेयाचं स्थान आहे, हिंदू आणि बौद्ध दोघंही तिथे पूजेला येतात. आमच्या घरात बायकांनी कार्तिकेयाचं दर्शन फक्त कार्तिकी पौर्णिमेला घ्यायची रीत. तिथे बायका रोजच फुला-फळांची तबकं घेऊन रांगेत असतात. संध्याकाळच्या पूजेला जायचं तर सायकल मुक्कामी ठेवून रिक्षानं जा. या भागात रानहत्ती आहेत. अंधारात सायकल नको. कतरगामहून बुट्टलकडे जाणारा जंगलातला रस्ता तर दिवसाही टाळा, तिथले हत्ती वाहनं अडवून खायला मागायला सरावले आहेत. तलावात पाय सोडून बसू नका, मगरी असतात.

पहिला टप्पा तिस्सा ते तंगल्ल, सत्तरेक किलोमीटर. पूर्ण उजाडल्यावरच निघा. वीरविलच्या बाजूला म्हशीच्या दह्याची दुकानं लागतात, मातीच्या पसरट भांड्यात लावलेलं घट्ट दही आणि वर भेरली माडाच्या नीरेची आटवलेली काकवी. ते खाल्ल्याशिवाय पुढे जाणं मला मान्य नाही. बुंदल राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचा भाग न रेंगाळता पार करा. हंबनतोटाला मिठागरं आहेत, आणि तिथून अंबलनतोटापर्यंत सावली फार कमी. हा पट्टा दहाच्या आत संपवा.

तंगल्लनंतर रस्ता थोडा वर-खाली होतो आणि वळणावळणाला उपसागर दिसतात. मातरच्या अलीकडे देविनुवरला आत वळा: बेटाचं दक्षिण टोक हेच. इथला दीपगृहाचा मनोरा ४९ मीटर उंच, श्रीलंकेतला सर्वांत उंच. मुक्काम वेलिगमला करा, सुमारे पन्नास किलोमीटर होतात. वेलिगम ते गॉल तीसच किलोमीटर आहेत आणि ते मुद्दाम कमी ठेवलेत, कारण सगळ्या वाटेत हाच तुकडा सर्वांत देखणा आहे. अहंगम आणि कोग्गलच्या बाजूला पाण्यात रोवलेल्या खांबांवर बसून मासे धरणारे दिसतात; आता त्यातले बरेच जण फोटोचे पैसे मागतात, ते आधी ठरवून घ्या. उनवटुनजवळ रुमस्सल टेकडी आहे. हनुमानानं संजीवनीचा डोंगर नेताना त्याचा एक तुकडा इथे पडला, असं तिथली माणसं सांगतात. गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला आणि डचांनी वाढवला. तटावरून संध्याकाळी पायीच फिरा.

गॉल ते बेंतोट पंचावन्न-साठ किलोमीटर, आणि इथे रहदारी वाढते. पुढची बस थांब्यावर थांबली तर तिच्या डावीकडून घुसू नका, माणसं तिथेच उतरतात. थांबा, किंवा आरशात बघून उजवीकडून काढा. रेल्वेमार्ग रस्त्याच्या अगदी जवळून जातो. फाटकात रूळ तिरपे येतात, चाक काटकोनात न्या. हिक्कडुवच्या पुढे पेरलियला थांबायलाच हवं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथे माणसांनी भरलेली रेल्वेगाडी लाटेखाली सापडली, हजाराहून जास्त माणसं गेली. स्मारकापाशी चप्पल काढून दोन मिनिटं उभं राहावं. आणि त्या दिवसापासून मुक्कामाचा एक नेम ठेवावा: खोलीत सामान टाकायच्या आधी, समुद्रापासून आत आणि उंचावर जाणारी वाट कुठली ते यजमानांना विचारायचं. पाणी अचानक मागे हटताना दिसलं तर सायकलही सोडून त्या वाटेनं पळायचं.

शाकाहारी लोकांसाठी: सकाळी तांदळाच्या शेवयांचे जाळीदार इंदिआप्प, नारळाच्या दुधातली मसुराची परिप्पू, दुपारी भात आणि चार भाज्या. एवढ्यावर पोट छान भरतं. जपायचं ते पोल संबोलला. ओलं खोबरं, लाल मिरची, लिंबू दिसतं, पण त्यात बहुधा उंबलकड म्हणजे सुक्या माशाचा चुरा असतो. ‘मालु नॅतुव’, म्हणजे माशाशिवाय, एवढं पाठ करा. आम्ही नणंद-भावजय दोघीच जातो आणि घरगुती होमस्टेतच उतरतो. आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलं की घरची बाई माशाशिवाय वेगळं वाटून देते. थेपले पहिल्या दोन दिवसांपुरतेच न्या, त्या दमट हवेत ते टिकत नाहीत. पौर्णिमेला तिथे पोयाची सार्वजनिक सुटी असते, आजूबाजूच्या दिवसांत खोल्या भरतात, तेवढं कॅलेंडर बघून ठेवा.

बेंतोटच्या पुलापलीकडे अलुत्गम स्टेशन आहे. सायकलवरचा प्रवास इथे संपवा. कोलंबोपर्यंतचे उरलेले साठेक किलोमीटर गर्दीचे आणि धुराचे आहेत. सायकल गार्डाच्या डब्यातून पार्सल म्हणून जाते, पण प्रत्येक गाडीला तो डबा नसतो, म्हणून आदल्या दिवशीच पार्सल खिडकीवर गाडी विचारून ठेवा. निगोंबोला पोहोचल्यावर खोक्यात घालण्याआधी चाकं, ब्रेकचे पॅड आणि सीटचा दांडा धुऊन पूर्ण वाळवा. ओल्या वाळूसकट बंद केलेली सायकल बडोद्याला पोहोचेपर्यंत दांडा नळीत धरून बसतो.