ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज: तहसीलला जाण्याआधीची तयारी

निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्यावर अर्ज भरायला मोजकेच दिवस हाती असतात, तर जातीच्या दाखल्यासारख्या एका कागदालाही कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणून गावात प्रभागांचे आणि सरपंचपदाचे आरक्षण निघाले की त्याच आठवड्यात कागदांची फाईल उघडावी, असे मी अमळनेर तालुक्यातल्या ओळखीच्या उमेदवारांना सांगत आलो आहे. कापसाची वेचणी संपू द्या, मग बघू, असे म्हणणारे बहुधा छाननीच्या दिवशी हात चोळत बसलेले दिसतात.

सुरुवात मतदार यादीपासून करावी. ग्रामपंचायतीसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेला विधानसभेची जी यादी अस्तित्वात असेल, तीच प्रभागांनुसार फोडली जाते. त्यामुळे प्रारूप यादीवर हरकत घेताना नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेले, लेखनात चूक झाली किंवा विधानसभेच्या यादीत असूनही नाव गळले, एवढ्याच गोष्टी दुरुस्त होतात. नवे नाव तिथे घालता येत नाही. उमेदवाराचे वय 21 वर्षे पूर्ण असावे लागते. त्याचे नाव गावाच्या कोणत्याही प्रभागात असले तरी चालते, कारण उभे राहताना दुसरा प्रभागही निवडता येतो.

त्यानंतर घरपट्टी आणि पाणीपट्टी. मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा अपात्र ठरतो, आणि एकत्र कुटुंबात एकाने कर थकवला तरी कायदा सगळ्यांनाच थकबाकीदार धरतो. आपल्याकडे चुली वेगळ्या झालेल्या असतात, पण नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, घर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असते, आणि प्रत्येक भावाला वाटते की पट्टी दुसऱ्याने भरली असेल. अर्ज भरण्यासाठी ठरलेल्या दिवसापूर्वी पैसे भरले तर ही अडचण राहत नाही. तेव्हा सगळ्या घराचा हिशेब ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) काढून घ्यावा, पावती जपावी आणि थकबाकी नसल्याचा दाखला मागावा.

सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचा मुद्दा निवडून आल्यानंतरही डोके वर काढतो. अतिक्रमण स्वतः केलेले नसले, तरी अशा घरात राहणारा कुटुंबीय अपात्र ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले आहे. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावच्या महिला सरपंचांना सासरच्या मंडळींसह सरकारी जागेवरच्या घरात राहत असल्याच्या आरोपावरून पद गमवावे लागले होते; 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, पण तोवर त्यांना एकेक पायरी चढत दिल्लीपर्यंत जावे लागले. घराच्या जागेचा उतारा आधीच पाहून ठेवलेला बरा.

सर्वांत जास्त वेळ जातो तो राखीव जागेच्या कागदांत. निम्म्या जागा महिलांच्या असल्याने उमेदवार बहुधा घरातली सूनबाई असते. जात मात्र माहेरची, म्हणजे वडिलांकडून आलेली धरली जाते. सासरच्या नावाने काढलेला किंवा पतीच्या जातीवर बेतलेला दाखला उपयोगी पडत नाही. समजा, वहिनींचे माहेर शिरपूर तालुक्यातले आहे: दाखल्यावर माहेरचे नाव, मतदार यादीत सासरचे, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणखी तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले. ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र जोडून दाखवावे लागते. जातीचा दाखला पडताळून मिळणारे जात वैधता प्रमाणपत्र हाती नसेल, तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र जोडून अर्ज भरता येतो. मात्र हमीपत्रातल्या मुदतीत प्रमाणपत्र आले नाही तर निवड रद्द होते. टोकरे कोळी, ठाकूर अशा जमातींच्या दाव्यांना खानदेशात किती वर्षे लागतात हे कोणाला सांगायला नको, म्हणून त्यांनी आजोबा-पणजोबांच्या जुन्या महसुली आणि शालेय नोंदी आजच शोधायला घ्याव्यात. धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडच्या अनुसूचित क्षेत्रात सरपंचपदच अनुसूचित जमातीसाठी राखीव असते. तिथे हा कागद टाळता येत नाही.

बाकीच्या अटी थोडक्यात अशा: 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेला उमेदवार किमान सातवी उत्तीर्ण हवा. दोन अपत्ये असताना 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे झालेले नसावे. घरी शौचालय असून त्याचा वापर होत असल्याचा पुरावाही लागतो.

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरून, छापील प्रत काढून, सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे द्यायची पद्धत आहे. शेवटच्या दिवशी सर्व्हर मान टाकतो. 2020 च्या डिसेंबरात तर आयोगाला कागदी अर्ज घेण्याची मुभा द्यावी लागली होती. ही मुभा दर वेळी मिळेल असे धरून चालू नये. सेतू केंद्रातल्या मुलाने भरलेली माहिती त्याच्याच खुर्चीशेजारी बसून ओळ न ओळ वाचावी, आणि प्रतिज्ञापत्रातला कोणताही रकाना कोरा न ठेवता तिथे 'निरंक' लिहावे. एका परिचिताने मालमत्तेचा रकाना कोरा सोडला होता. विरोधी पॅनेलच्या वकिलाने छाननीत नेमके त्यावरच बोट ठेवले, आणि अर्ज वाचवता वाचवता आम्हाला घाम फुटला.

खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खाते उघडून चहा-नाश्त्यापासून रिक्षावरच्या भोंग्यापर्यंत रोजचा खर्च त्याच दिवशी लिहावा. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यावा लागतो, आणि हरलेल्या व बिनविरोध निवडून आलेल्या उमेदवारालाही त्यातून सूट नाही. तो दिला नाही तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवण्यास बंदी येऊ शकते. हिशेब देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घ्यावा आणि ती प्रत घरपट्टीच्या पावतीसोबत त्याच फाईलमध्ये लावावी.