आपल्या खासदाराची कारकीर्द आणि भूमिका कशी तपासावी : खानदेशातील मतदारांसाठी

खासदाराचे काम तपासायचे असेल तर सगळी कारकीर्द एकदम चाळायला बसू नये. आपल्याला ज्याची झळ बसते असा एकच विषय निवडावा : कापसावरील आयात शुल्क, केळीचा पीकविमा किंवा आपल्या आजोबांच्या पिढीपासून ऐकू येणारा मनमाड–इंदूर रेल्वेमार्ग.

रेल्वेमार्गाचेच घेऊ. धुळ्यावरून जाणाऱ्या या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अशा मंजुरीचे श्रेय सांगणारे फलक बाजूला ठेवावेत आणि त्याआधीच्या वर्षांत सभागृहात कोणी, केव्हा, काय विचारले ते पाहावे. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याचे नाव आणि मंत्रालय निवडले की प्रश्न व उत्तरे मिळतात. प्रश्न उपभागांत विभागलेला असतो. ते सावकाश वाचावेत. ‘सर्वेक्षण केव्हा पूर्ण झाले, निधी किती दिला, भूसंपादन कोठे अडले’ असे विचारणाऱ्याने विषयाचा अभ्यास केलेला असतो, तर ‘सरकार कोणती पावले उचलत आहे’ एवढ्यावर थांबणारा प्रश्न कोणालाही विचारता येतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. एकाच प्रश्नावर अनेक सदस्यांची नावे असू शकतात, त्यामुळे नुसती संख्या मोजून निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न विचारणे म्हणजे भूमिका घेणे नव्हे. भूमिका भाषणांत, लोकसभेच्या नियम ३७७ खाली (सदस्याला महत्त्वाचा विषय सभागृहापुढे ठेवू देणारा नियम) मांडलेल्या मुद्द्यांत आणि खासगी विधेयकांत, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडलेल्या विधेयकांत, दिसते. मतदानावरून मात्र जपून अनुमान करावे, कारण बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात व कोणी कोणत्या बाजूने मत दिले याची नोंद राहत नाही. मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचे मत नोंदवून मोजणी, झाली तरी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश (व्हिप) मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, म्हणून ते मत बहुधा पक्षाचे असते.

मंत्रिपद मिळालेल्या सदस्याची नोंद दोन भागांत वाचावी. रावेरच्या रक्षा खडसे २०१४ पासून सलग तीनदा निवडून आल्या आणि जून २०२४ मध्ये केंद्रात राज्यमंत्री झाल्या. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. त्यांना हजेरीपटावर सहीही करावी लागत नाही. तेव्हा त्या काळातील शून्य प्रश्न म्हणजे निष्क्रियता नव्हे, तेथे खात्याचे काम पाहावे.

खासदाराच्या मतदारसंघातील कामांसाठीचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. खासदार कामे सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते. धुळे मतदारसंघातील मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे तीन विधानसभा मतदारसंघ नाशिक जिल्ह्यात येतात, म्हणून तेथील कामांचा हिशेब एकाच जिल्ह्याच्या यादीवरून मांडू नये.

मालमत्ता व गुन्ह्यांच्या माहितीसाठी उमेदवारी अर्जासोबत दिलेली प्रत्येक निवडणुकीची प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवून वाचावीत. एवढे करूनही शंका उरली, तर प्रश्नाचा क्रमांक आणि उत्तराची तारीख लिहून खासदारांनाच पत्र पाठवावे. क्रमांकासह विचारलेल्या गोष्टीला मोघम उत्तर देणे अवघड जाते.