मालक म्हणतो "एलएमआयए करू": कॅनडात नवीन आलेल्यांनी त्या फाईलमध्ये काय बघावं

शिक्षण संपलं, पीजीडब्ल्यूपीवर (शिक्षणानंतर मिळणाऱ्या वर्क परमिटवर) नोकरी लागली, आणि परमिट संपत आल्यावर मालक म्हणतो, "काळजी करू नकोस, आपण तुझं एलएमआयए करू." हे ऐकून बहुतेक जण निर्धास्त होतात, आणि हातातले मोलाचे महिने निघून जातात. एलएमआयए म्हणजे या जागेसाठी परदेशी माणूस ठेवायला हरकत नाही, असं मालकाला मिळणारं सरकारी पत्र. त्याचा अर्ज मालकाचा असतो आणि त्यावर सर्व्हिस कॅनडा हे सरकारी खातं निर्णय देतं. वर्क परमिटचा अर्ज तुमचा, तो आयआरसीसीकडे, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडे जातो. पण दुसऱ्या खात्यातला अधिकारी पहिल्या खात्याचं पत्र समोर ठेवूनच तुमचे कागद वाचतो. दोन्हीकडे तीच नोकरी, तोच पगार, तीच पात्रता दिसली पाहिजे. म्हणून अर्ज तुम्ही भरत नसलात तरी त्यात काय जातं हे तुम्हाला माहीत हवं. मालक पहिल्यांदाच एलएमआयए करत असेल तर फारच.

विषय परमिट संपायच्या निदान आठ-नऊ महिने आधी काढा. चार आठवडे जाहिरातीत जातात, त्याआधी कंपनीची कागदपत्रं गोळा करायला वेळ लागतो, आणि अर्ज गेल्यावर निर्णयाला काही महिने धरावे लागतात. परमिट संपायच्या आत नवीन परमिटचा अर्ज गेला तर निकाल येईपर्यंत जुन्या अटींवर काम चालू ठेवता येतं. पण त्या अर्जाला जोडायला एलएमआयए हातात असावा लागतो. "टाकलाय, येईल" म्हणून भागत नाही.

पहिला प्रश्न पगाराचा, कारण अर्ज कोणत्या गटात जाणार हे पगारावरून ठरतं. ८ नोव्हेंबर २०२४ पासून प्रांताच्या मध्यम ताशी वेतनावर २० टक्के चढवून सीमारेषा काढतात. पगार त्या रकमेइतका किंवा वर असेल तर अर्ज हाय-वेज गटात, खाली असेल तर लो-वेज गटात. २७ जून २०२५ पासून ओंटारिओत हा आकडा ताशी ३६ डॉलर झाला. आकडा बदलत राहतो, त्यामुळे अर्जाच्या आठवड्यात पुन्हा बघायला सांगा.

लो-वेजमध्ये गेलात तर वाट अरुंद आहे. सप्टेंबर २०२४ पासून या गटात परमिट जास्तीत जास्त एक वर्षाचं मिळतं, आणि एका ठिकाणच्या कामगारांपैकी अशा कामगारांचं प्रमाण साधारण १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. बांधकाम, आरोग्यसेवा, अन्नप्रक्रिया अशा काही क्षेत्रांत ही मर्यादा २० टक्के आहे. त्याशिवाय ज्या महानगर क्षेत्रात बेरोजगारी ६ टक्के किंवा जास्त आहे तिथले बहुतेक लो-वेज अर्ज तपासायलाच घेत नाहीत. ही शहरांची यादी दर तीन महिन्यांनी बदलते. अर्जाचे कष्ट घेण्यापूर्वी ती यादी उघडून बघणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. लो-वेजमध्ये मालकावर येण्या-जाण्याचा खर्च, प्रांतिक आरोग्यविमा सुरू होईपर्यंतचा खासगी विमा आणि परवडणाऱ्या घराची सोय, अशा जबाबदाऱ्याही येतात. हाय-वेजमध्ये यांऐवजी ट्रान्झिशन प्लॅन लागतो, म्हणजे पुढे कॅनडातलेच लोक कसे घेणार किंवा तयार करणार याचा आराखडा.

पगार ठरवताना आधी कामाचा एनओसी कोड (कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातला क्रमांक) पक्का करा. कोड हुद्द्याच्या नावावरून घ्यायचा नसतो, रोजच्या कामावरून घ्यायचा असतो. कार्डावर "मॅनेजर" छापलंय आणि दिवसभर काउंटर सांभाळायचा आहे, तर मॅनेजरचा कोड टिकणार नाही. जॉब बँक या सरकारी नोकरी-संकेतस्थळावर त्या कोडचा, त्या भागातला मध्यम पगार दिसतो. मालकाला तो द्यावा लागतो, किंवा त्याच जागी तेच काम करणाऱ्या आपल्या इतर माणसांना तो जे देतो ते. दोन्हींतलं जे जास्त असेल ते धरतात. टिप, बोनस, कमिशन यांत मोजत नाहीत. फक्त हमीचा ताशी पगार.

आता जाहिरात. सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात, म्हणून जरा थांबून वाचा. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत किमान सलग चार आठवडे जाहिरात दिलेली असावी लागते. एक जॉब बँकेवर आणि तिच्याबरोबर आणखी दोन ठिकाणी. हाय-वेजसाठी त्यांतलं एक ठिकाण देशभर पोचणारं हवं. लो-वेजसाठी मूळ निवासी, तरुण, अपंग, नव्याने आलेले स्थलांतरित अशा मागे राहिलेल्या गटांपर्यंत पोचल्याचं दाखवावं लागतं, आणि निकाल लागेपर्यंत एक जाहिरात चालू ठेवावी लागते. जाहिरातीत कंपनीचं नाव, कामाचा पत्ता, कामाचं स्वरूप, पगार, तास, सवलती, पात्रता आणि संपर्क, हे सगळं हवं. कंपनीचं नाव झाकून दिलेली जाहिरात चालत नाही.

चुका ठरलेल्या असतात. तीन जाहिरातींत तीन वेगळे पगार. एक जाहिरात पंचविसाव्या दिवशी बंद पडलेली. हिंदी किंवा पंजाबी येणं आवश्यक, असं सहज लिहिलेलं. इंग्रजी-फ्रेंचखेरीज दुसरी भाषा मागायची तर कामासाठी ती का लागते हे मालकाला पटवून द्यावं लागतं. शिवाय जॉब बँक पहिल्या ३० दिवसांत जुळणारे उमेदवार सुचवतं, आणि कोण किती जुळतो ते ताऱ्यांनी दाखवतं. हाय-वेजला चार तारे आणि वर, लो-वेजला दोन तारे आणि वर असलेल्या प्रत्येकाला अर्ज करायचं निमंत्रण पाठवणं बंधनकारक आहे. त्यानंतर किती अर्ज आले, त्यांत कॅनडाचे नागरिक व पीआर (कायम रहिवासी) किती, कुणाला मुलाखतीला बोलावलं आणि का घेतलं नाही, याचा हिशोब द्यायचा असतो. "योग्य वाटला नाही" हे कारण नव्हे. जाहिरातीत लिहिलेली कोणती अट त्याच्याकडे नव्हती ते लिहायचं. जाहिराती चालू असतानाच तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढायला सांगा. नंतर पानं उडतात. हे सगळे कागद मालकाला सहा वर्षं जपावे लागतात.

तुमच्या पात्रतेचा प्रश्न इथेच येतो. जाहिरातीत "तीन वर्षं अनुभव आवश्यक" असं लिहिलं आणि तुमच्याकडे दोनच असतील, तर एलएमआयए मंजूर होऊनही परमिट नाकारलं जाऊ शकतं, कारण हे काम हा माणूस करू शकेल याची व्हिसा अधिकाऱ्याला खात्री पटत नाही. जाहिरात लागायच्या आधी मालकाला आपला खरा बायोडेटा द्या आणि मसुदा बघायला मागा. मात्र अट तुमच्याच मापाने शिवू देऊ नका, तेही अधिकाऱ्याच्या लक्षात येतं. कामाला खरोखर जे लागतं तेच लिहिलेलं बरं.

कंपनीचे कागद म्हणजे धंदा खरा आहे आणि पगार देण्याची ताकद आहे याचा पुरावा: टी४ समरी (वर्षभराच्या पगारांचा गोषवारा), टी२ (कंपनीचं आयकर विवरण) सोबतची शेड्यूल १०० आणि १२५, पीडी७ए विवरण (पगारातून कापलेल्या रकमांचं), व्यवसाय परवाना, जागेचा भाडेकरार. पूर्वी वकील किंवा अकाउंटंटचं पत्र चालायचं, ते २८ ऑक्टोबर २०२४ पासून बंद झालं. ब्रिटिश कोलंबिया, सस्कॅचेवान, मॅनिटोबा, नोव्हा स्कोशिया या प्रांतांत परदेशी कामगार ठेवण्यासाठी मालकाला प्रांताकडे वेगळी नोंदणी करावी लागते. क्वेबेकात सीएक्यू (त्या प्रांताचं स्वीकृती प्रमाणपत्र) लागतो आणि तिथल्या सरकारकडेही अर्ज जातो.

फी एका जागेसाठी १,००० डॉलर. नकार आला तरी परत मिळत नाही, आणि कोणत्याही मार्गाने ती कामगाराकडून वसूल करता येत नाही. पगारातून कापून नाही, रोख नाही, "ट्रेनिंग फी" म्हणूनही नाही. कुणी हजारो डॉलरला एलएमआयए विकत देतो म्हणाला तर तिथून निघा. एक्स्प्रेस एन्ट्रीत (पीआरसाठी गुणांवर होणाऱ्या निवडीत) नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत, तरी जुन्या गुणांचं आमिष दाखवणारे आहेत. पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस वकील किंवा परवानाधारक आरसीआयसी (इमिग्रेशन सल्लागार) आहे का, हे त्यांच्या संस्थेच्या नोंदवहीत तपासा. नियम मोडणाऱ्या मालकांची यादी आयआरसीसीच्या संकेतस्थळावर असते, तीही बघा.

अर्ज गेल्यावर अधिकारी मालकाला फोन करू शकतो. फोनवर पगार, तास, कामाचं स्वरूप विचारतात. ज्याने अर्ज भरला तो एक आणि फोन घेणारा दुसरा, अशी स्थिती असेल तर उत्तरं फाटतात. अर्जाची प्रत फोन घेणाऱ्याजवळ असू द्या.

मंजुरीचं पत्र आलं की सहा महिन्यांच्या आत परमिटचा अर्ज करायचा. १ मे २०२४ पूर्वी बारा महिने मिळायचे, त्यामुळे जुन्या माहितीवर जाऊ नका. परमिटची फी १५५ डॉलर, बायोमेट्रिक्स लागले तर ८५ आणखी. भारतातल्या नोकरीचं अनुभवपत्र कंपनीच्या लेटरहेडवर, कामाच्या तपशिलासह आणि तारखांसह हवं. नुसत्या रिलिव्हिंग लेटरवर भागत नाही. पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ जोडा.

आपल्याकडची खास अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव शेवटी, पासपोर्टवर उलट, लग्नानंतर मधलं नावच बदललेलं. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा, मालकालाही तेच अक्षरशः द्या, आणि फरकासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा.

नवीन परमिट हातात आल्यावर नाव, मालक, कामाचं ठिकाण आणि मुदत लगेच वाचा, चूक असेल तर दुरुस्ती मागा. मग ९ ने सुरू होणाऱ्या एसआयएनची (सोशल इन्शुरन्स नंबरची) मुदत आणि प्रांताचं हेल्थ कार्ड नव्या तारखेपर्यंत वाढवून घ्या. पेरोलवाल्यांना नवी तारीख द्यायला विसरू नका.