एमटीटीत पेशी मेलेल्या, सूक्ष्मदर्शकात जिवंत: कार्बन नॅनोट्यूबवाल्यांसाठी

लक्षण: ए५४९ फुफ्फुसपेशींना एकपदरी कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) 24 तास दिल्यावर एमटीटीचं (जिवंत पेशी जो जांभळा रंग बनवतात तो मोजणारी चाचणी) रीडिंग धाडकन खाली येतं. ट्रिपॅन ब्लूमध्ये (फक्त मेलेल्या पेशी रंगवणारं द्रव्य) मात्र त्याच पेशी ठणठणीत. नवा एमटीटी, जास्त सोनिकेशन (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणं), स्फटिक विरघळवायला आयसोप्रोपॅनॉलऐवजी डीएमएसओ, काही उपयोग नाही. वैताग आला.

दोष पेशींचा नाहीच. एमटीटीपासून बनणारे जांभळे फॉर्मझान स्फटिक नॅनोट्यूबला चिकटतात आणि विरघळतच नाहीत. खात्रीसाठी पेशी नसलेल्या वेलमध्ये (प्लेटमधला खळगा) एमटीटीत ॲस्कॉर्बिक आम्ल घालून फॉर्मझान बनवा, मग नॅनोट्यूब घाला. रंग गाळाबरोबर तळाशी बसतो.

मग एमटीटीऐवजी डब्ल्यूएसटी-१ (तशाच चाचणीचं दुसरं द्रव्य) घ्या, त्याचा रंग पाण्यात विरघळतो. क्रम असा: माध्यम काढा, पीबीएसने (क्षारांचं बफर द्रावण) दोनदा हलकेच धुवा, प्रत्येक वेलमध्ये 100 मायक्रोलिटर ताजं माध्यम, त्यात 10 मायक्रोलिटर डब्ल्यूएसटी-१. 37 अंशांवर एक तास. प्लेट सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्रव नव्या प्लेटमध्ये घ्या (ही पायरी वगळू नका, काळे कण प्रकाश अडवतात), 450 नॅनोमीटरला वाचा, संदर्भ 650. पेशींविना, पण नॅनोट्यूब असलेली वेल प्रत्येक मात्रेला ठेवा आणि तिचं रीडिंग वजा करा.

एलडीएचवर (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारा एन्झाइम मोजणारी चाचणी) एकट्यावर विसंबू नका. नॅनोट्यूब तो एन्झाइमही शोषू शकतात.