बेसमॅप फुकटचा असो की विकतचा, गुंठे बरोबर यायला हवेत

कोल्हापुरात सर्व्हे किंवा सिव्हिल कन्सल्टंटकडे नव्याने लागणाऱ्यांना ऑटोकॅड येतच असतं. गाडी अडते ती ड्रॉइंगखाली बेसमॅप म्हणून सॅटेलाइट इमेज टाकताना. मग गूगलवरून स्क्रीनशॉट काढायचा आणि अंदाजाने ताणून बसवायचा, हा उद्योग सुरू होतो. तो करू नका. त्या इमेजवरून ट्रेसिंग करणं त्यांच्या अटींत बसत नाही, आणि स्क्रीनशॉटला कोऑर्डिनेट नसतात.

आधी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. त्यात सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची इमेजरीही फुकट घेता येते. तिचा एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. करवीर-शिरोळमधलं उसाचं क्षेत्र किंवा रंकाळ्याचं पाणी बघायला ती उत्तम, राजारामपुरीतल्या प्लॉटला कुचकामी. पंचगंगेच्या पुरातही तिचा भरवसा धरू नका, कारण वर ढग असतात. तिथे सेंटिनेल-१ चं रडार लागतं, आणि तेही फुकटच मिळतं.

घर, बांध, रस्त्याची कड दिसायला हवी असेल तर पैसे मोजावे लागतात. अशा बऱ्याच सेवा टाइलच्या हिशेबाने पैसे घेतात. टाइल म्हणजे साधारण २५६ पिक्सेलचा चौकोन. झूम एका पायरीने वाढवला की तेवढ्याच जागेला चौपट टाइल लागतात. १८ व्या झूमला कोल्हापुरात एक पिक्सेल साधारण ५७ सेंटीमीटरचा पडतो. पण मूळ फोटोच तेवढा बारीक नसेल, तर पुढचा झूम म्हणजे ताणलेलं चित्र, आणि बिल मात्र खरं. म्हणून पैसे भरण्याआधी आपल्याच गावाचा तुकडा उघडून बघा आणि फोटोची तारीख विचारा. आमच्याकडे तर उभ्या उसात बांध दिसतच नाहीत. ऊस तुटल्यानंतरचा, फेब्रुवारी-मार्चचा फोटो मिळाला तर सोनं.

आता गुंठ्यांकडे. वेबवरचे बहुतेक बेसमॅप वेब मर्केटर या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट मांडायच्या पद्धतीत) असतात; तिचा ईपीएसजी कोड ३८५७. कोल्हापूरच्या अक्षांशावर त्यात लांबी साधारण साडेचार टक्के आणि क्षेत्रफळ नऊ टक्के फुगतं. चाळीस गुंठ्यांचा एकर कॅडमध्ये साडेत्रेचाळीस गुंठ्यांच्या वर दिसतो! क्यूजीआयएसचं मोजमापाचं टूल सहसा पृथ्वीची गोलाई धरूनच मोजतं, त्यामुळे तिथे ही चूक लपते. कॅड सरळ एक्स-वाय मोजतं.

म्हणून प्रोजेक्ट आधी ईपीएसजी ३२६४३ म्हणजे यूटीएम ४३ उत्तर या आपल्या पट्ट्याच्या प्रक्षेपणात घ्या आणि मगच वर्ल्ड फाइलसकट (इमेजची जागा सांगणारी छोटी फाइल) इमेज एक्स्पोर्ट करा, अर्थात सेवेच्या अटींत ती साठवायला परवानगी असेल तरच. ऑटोकॅडचे मोठे भाऊ मॅप थ्रीडी किंवा सिव्हिल थ्रीडी ती फाइल वाचून इमेज जागेवर ठेवतात, शिवाय डब्ल्यूएमएस म्हणजे नेटवरून नकाशा पुरवणारी सेवा थेटही जोडता येते. साध्या ऑटोकॅडमध्ये मात्र ओळखीचे दोन बिंदू धरून अलाइन करावं लागतं. बिंदू लांबलांबचे आणि जमिनीलगतचे घ्या. इमारतीचं छत नको, ते फोटोत कललेलं असतं.

एवढं करूनही इमेज काही मीटर सरकलेली असू शकते. डीजीपीएसने (अचूक मोजणाऱ्या जीपीएसने) घेतलेला एखादा चौक किंवा पुलाचा कोपरा तिच्यावर टाकून बघा. आणि पक्षकार "साहेब, ह्याच्यावरच हद्द दाखवा की" म्हणाला, तर त्याला सरळ भूमी अभिलेखच्या मोजणीचा अर्ज भरायला सांगा.